बाहेरून लटकणारं कुलूप म्हणजे ‘घरात कोणी नाही’ची पाटी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पाचपाखाडीत चार मजली जुनी बिल्डिंग, तुम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, रात्रीचा वॉचमन एकच आणि तोही दोन बिल्डिंगमध्ये मिळून. गेल्या महिन्यात समोरच्या बिल्डिंगमध्ये भर दुपारी घरफोडी झाली, आणि आता गणपतीला दहा दिवस सगळे देवगडला जाणार, घर बंद. घराच्या सेफ्टीसाठी ३० हजार बाजूला काढलेत, इन्शुरन्सचंही विचारलंत. मिस्टर म्हणतात चार कॅमेरे लावू, मुलगा म्हणतो बोट लावून उघडणारं डिजिटल लॉक घेऊ, सासूबाई म्हणतात जांभळी नाक्यावरून चांगलं जाडजूड कुलूप आणा.

तिघांचंही आत्ता ऐकू नका. सासूबाईंचं तर अजिबात नको, आणि हे कुलपं विकून पोट भरणारा माणूस सांगतोय.

मी २४ वर्षं ठाण्यात दारं, कुलपं, ग्रिल, सेफ्टी डोअर (मेन दाराच्या बाहेर बसतं ते लोखंडी जाळीचं दार) हेच काम करतो, वागळे इस्टेटला गाळा आहे. घरफोडी झाली की पहिला फोन पोलिसांना आणि पंचनामा उरकला की दुसरा फोन आमच्यासारख्याला, कारण रात्री दार तर बंद व्हायला पाहिजे ना. त्यामुळे फुटलेली दारं मी भरपूर बघितलीत, आणि त्यात एक गोष्ट इतक्या वेळा बघितली की आता नवल वाटत नाही. कुलूप धड असतं. फुटतं ते दुसरंच काहीतरी.

धंद्यात नवीन होतो तेव्हाची चरईतली एक जागा मला अजून आठवते. घरमालकांनी मोठ्या हौसेने सात लिव्हरचं वजनदार कुलूप आणलेलं, चावीच एवढी मोठी की खिशाला भोक पडेल. लग्नाला गेले, परत आले तर दार उघडं, आणि ते कुलूप अल्ड्रॉपच्या (दाराच्या बाहेरची आडवी सरकती मोठी कडी) दांड्यासकट बंदच्या बंद, व्यवस्थित चपलांच्या स्टँडवर ठेवलेलं. चोराने कुलपाला हात पण लावला नव्हता. अल्ड्रॉप दाराला सहा छोट्या स्क्रूंनी बसवलेला होता, त्याने कटावणी मागे घालून एक हिसका दिला आणि लाकडातून स्क्रू बाहेर. पेपरात ‘कडी-कोयंडा उचकटून’ असं जे छापून येतं ना, ते हे. चार हजाराचं कुलूप आणि ते धरून ठेवणारे चार रुपयांचे स्क्रू.

म्हणून आधी चोराच्या बाजूने विचार करा. त्याला कुलूप उघडण्यात इंटरेस्ट नसतो, पिक्चरमध्ये केसाची पिन घालून उघडतात तसं करत बसायला जिन्यात उभं राहायला त्याला वेळ कुठे आहे. त्याला दोनच गोष्टी पाहिजेत, एक म्हणजे घरात कोणी नाही याची खात्री आणि दुसरं म्हणजे कमी आवाजात लवकर काम. तुम्ही बाहेरून लटकतं कुलूप लावलं की पहिली गोष्ट तुम्ही स्वतःच त्याला दिली. जिन्यावरून चढताना नुसतं बघितलं तरी कळतं, ह्या मजल्यावर दोन घरं बंद, एक उघडं. सोसायटीत कुरिअरवाला, वह्या विकणारा, पाण्याच्या फिल्टरची जाहिरात करणारा असा कोणीही येतो, त्याला रेकी म्हणून वेगळं काही करावंच लागत नाही, लटकती कुलपं मोजली की झालं. तेच जर दाराला आतल्या आत बसलेलं लॉक असेल तर बाहेरून कळत नाही की माणसं आत झोपलीत की देवगडला पोचलीत. मग त्याला बेल वाजवून बघावं लागतं, दोन-तीनदा यावं लागतं, आणि तेवढ्यात कोणीतरी विचारतं, काय रे कोण पाहिजे.

तर पहिलं काम, अल्ड्रॉप आणि लटकतं कुलूप ही सिस्टीम मेन दाराला बाहेरून बंद. अल्ड्रॉप काढायचा नसेल तर राहू दे, पण त्यात कुलूप घालू नका.

आता दाराकडे येऊ. तुमच्या बिल्डिंगच्या वयाच्या बिल्डिंगांमध्ये दार बऱ्यापैकी चांगलं असतं, सागवानी नाहीतर जुना जाड फ्लश डोअर, पण चौकट गेलेली असते. रोज फरशी पुसताना पाणी चौकटीच्या खालच्या टोकाला लागतं, तिथे लाकूड कुजतं, वाळवी लागते, वरून ऑइल पेंट मारलेला असतो त्यामुळे दिसत काही नाही. एक पेचकस घ्या आणि चौकटीच्या खालच्या वीतभर भागात आणि मग लॉक जिथे बसतं त्या उंचीवर टोचून बघा. लाकूड कडक लागलं तर उत्तम. बिस्किटासारखं आत गेलं तर ताई, तुम्ही बँकेतलं लॉकर आणून त्या दाराला बसवलं तरी एका लाथेत चौकट फाटून दार आत जाईल. मेन दार आत उघडणारं असतं ना, म्हणजे बाहेरून धक्का मारला की सगळा जोर येतो तो चौकटीतल्या त्या छोट्याशा खोबणीवर जिथे लॉकची जीभ जाऊन बसते. तिथे कंपनी जी पट्टी देते ती बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण इंचाच्या दोन स्क्रूंवर असते. सुतार पण घाईत असतो, दोनच्या ऐवजी एकच मारून मोकळा होतो.

ह्यावर उपाय एवढा स्वस्त आहे की लोकांना खोटा वाटतो. जाड स्टीलची लांब पट्टी घ्यायची, आठ-दहा इंची, आणि ती तीन इंची स्क्रूंनी चौकटीतून आरपार मागच्या भिंतीपर्यंत बसवायची, विटेत प्लग घालून. बिजागऱ्यांचं पण तेच, प्रत्येक बिजागरीतले निदान दोन स्क्रू काढून त्या जागी तीन इंची मारायचे. सामान पाचशे-सातशे रुपये आणि सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी. माझ्या मते तुमच्या ३० हजारातले हे सगळ्यात मोलाचे पैसे, पण कोणी करून घेत नाही, कारण पाहुण्यांना दाखवता येत नाही.

आता लॉक. तुमच्याकडे नाइट लॅच आहे असं तुम्ही लिहिलंय, ते तर घरोघरी आहे. पण एक विचारतो, बाहेर जाताना तुम्ही चावी फिरवता का? नव्वद टक्के लोक दार ओढून घेतात, टक्क आवाज आला की निघाले. ती जी टक्क वाजणारी तिरकी जीभ आहे ती स्प्रिंगवर आहे, ती तुमच्या सोयीसाठी आहे, सेफ्टीसाठी नाही. पातळ पट्टी सरकवली की मागे जाते, मुलं आतून लॉक होतात तेव्हा आम्ही पण तशीच उघडतो, दोन मिनिटांचं काम आणि त्याचे पाचशे घ्यायला मलाच लाज वाटते. चावी फिरवली की दुसरा चौकोनी दांडा बाहेर येतो नाहीतर तीच जीभ आणखी पुढे जाऊन जाम होते, ती मग मागे ढकलता येत नाही. तर आधी फुकटातलं करा, खाली वाणसामान आणायला गेलात तरी चावी फिरवायची, जितके फेरे फिरते तितके. घरातल्या सगळ्यांना सवय लावा, सासूबाईंना पण.

आणि नाइट लॅचच्या वर किंवा खाली, साधारण दीड फूट अंतर सोडून, एक डेडबोल्ट (स्प्रिंग नसलेला, चावीनेच सरकणारा दांडा) नाहीतर मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत कोरून बसवतात ते) बसवा. दोन लॉक जवळजवळ बसवू नका, तिथलं लाकूड पोखरून कमजोर होतं. दोन ठिकाणी पकड असली की कटावणीला दुप्पट काम. चांगल्या कंपनीचा डेडबोल्ट सध्या अडीच ते चार हजारात येतो. चावी घ्यायची ती खड्डे असलेली चपटी, दुकानात तिला कॉम्प्युटर की म्हणतात, कॉम्प्युटरशी तिचा काही संबंध नाही पण रस्त्यावरच्या चावीवाल्याला ती चटकन घासून देता येत नाही एवढा फायदा नक्की. हँडलसकट येणारं सिलिंडरचं लॉक घेणार असाल तर एक बघा, सिलिंडर, म्हणजे चावी जाते तो भाग, हँडलच्या प्लेटच्या बाहेर डोकावता कामा नये. दोन-तीन मिलीमीटरच्या वर बाहेर आलेला सिलिंडर पकडून मोडता येतो. आमच्यातले काही जण दुकानात ज्या मापाचा असेल तोच सिलिंडर घालून मोकळे होतात, दाराची जाडी मोजतच नाहीत. तुम्ही बोट फिरवून बघा, टोचतोय का.

मुलाचं डिजिटल लॉक. वाईट नाही, मी पण बसवतो. चावी विसरायचा प्रश्न नाही, कामवाल्या बाईंना वेगळा कोड देता येतो आणि काम सुटलं की काढून टाकता येतो, हा खरा फायदा. पण लोकांना वाटतं डिजिटल म्हणजे जास्त मजबूत, तसं काही नसतं, शेवटी दारातून चौकटीत जातो तो लोखंडाचा दांडाच, आणि चौकट कुजकी तर सगळं कुजकं. शिवाय बॅटरी संपली तर उघडायला बहुतेकांना एक लपवलेली साधी चावी असते, स्वस्त मॉडेलमध्ये त्या चावीचं सिलिंडर एकदम बोगस असतं. म्हणजे समोरून बोटाचा ठसा आणि मागच्या दाराने खेळण्यातलं कुलूप. सासूबाईंचं बोट घेईल का ते पण दुकानातच बघा, वय झालेल्या आणि भांडी घासणाऱ्या हातांचे ठसे झिजतात, मशीन ओळखत नाही, मग त्या बाहेर उभ्या. आणि दहा दिवस बाहेर जाताना सेल नवीन घालून जा. तुमच्या बजेटमध्ये बरं डिजिटल लॉक घेतलं तर निम्मे पैसे तिथेच संपतील, म्हणून मी म्हणेन पुढच्या वर्षी.

सेफ्टी डोअर मात्र घ्या, नसेल तर. लोखंडी, साधं, १४ ते १८ हजारात बसून जाईल, डिझाइनवर पैसे घालू नका. पण इथे मी स्वतः खाल्लेली माती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत मी मानपाड्याला एका घरी छान जाळीचं दार लावून दिलं. सेफ्टी डोअर बाहेर उघडतं, म्हणजे बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आल्या, आणि मी बिजागरीचे स्क्रू तसेच उघडे ठेवले, चकाचक चार खाचांचे. चोराने लॉककडे बघितलंसुद्धा नाही, पेचकसाने बिजागऱ्या खोलल्या आणि अख्खं दार उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. नशीब आतलं लाकडी दार टिकलं. ते काका मला काही बोलले नाहीत, चहा दिला, ते जास्त लागलं. तेव्हापासून बिजागरी फ्रेमला वेल्डिंग, बिजागरीची पिन वरून टॅक मारलेली (वेल्डिंगचा टिपका देऊन पक्की केलेली), आणि स्क्रूच्या जागी आरपार बोल्ट, ज्याचा नट घराच्या आत. तुम्ही काम करून घेताना फॅब्रिकेटरला एवढंच म्हणा की बाहेर उभं राहिल्यावर मला एक पण खोलता येणारा स्क्रू दिसता कामा नये. दुसरं, जाळीची भोकं. दूधवाल्याकडून पिशवी घेता यावी म्हणून लोक मोठी भोकं नाहीतर छोटी खिडकी ठेवतात आणि त्याच्या वीतभर अंतरावर आतली कडी. हात आत घातला की कडी हातात. लॉकच्या आजूबाजूला हातभर तरी पत्र्याची प्लेट पाहिजे. तिसरं, बाहेर उघडणाऱ्या दाराला लॉकच्या बाजूने फट दिसते, तिथे वरपासून खालपर्यंत लोखंडी पट्टी वेल्ड करून फट झाकून घ्या, कटावणीला तोंड घालायला जागाच नको.

दार झालं. आता ज्याचा तुम्ही प्रश्नात उल्लेखच केला नाही ते, बाथरूम आणि डक्ट, म्हणजे पाइप जातात ती बिल्डिंगची उभी पोकळी. दुसरा मजला म्हणजे लोकांना वाटतं वर कोण येणार. ताई, ड्रेनेजचे पाइप, त्याला पकडायला लोखंडी क्लॅम्प, मध्ये मध्ये पहिल्या मजल्यावाल्यांचं बाहेर आलेलं बॉक्स ग्रिल आणि त्यावर पत्रा, हे सगळं मिळून जिनाच आहे, फक्त कठडा नाही. आणि बाथरूमच्या खिडकीत काचेच्या तिरप्या पट्ट्या, त्या अॅल्युमिनियमच्या क्लिपमध्ये नुसत्या सरकवलेल्या असतात, बाहेरून क्लिप वाकवली की एकेक पट्टी आवाज न करता निघते. बारीक अंगाचं पोरगं त्यातून सहज आत जातं आणि मग तुमचं मेन दार आतून उघडून देतं. तिथे आतल्या बाजूने चौकोनी बारचं ग्रिल लावा, बाराशे-पंधराशेचं काम आहे. सगळ्यात आधी हे करा असं म्हणालो असतो, पण चौकट राहिली असती.

किचन आणि बेडरूमच्या स्लायडिंग खिडक्यांना ग्रिल असेल तर ते भिंतीत कसं पकडलंय ते बघा. आजकाल ग्रिल खिडकीच्या अॅल्युमिनियमलाच स्क्रू मारून लावतात, ते शोभेचं आहे. भिंतीत खोल गेलेले बोल्ट पाहिजेत आणि त्यांची डोकी वेल्ड केलेली. पण ह्या नादात घराचा पिंजरा करू नका! एका तरी खिडकीच्या ग्रिलला उघडणारा भाग ठेवा, आतून कुलूप आणि त्याची चावी त्याच खोलीत, बाहेरून हात पोचणार नाही पण घरातल्या प्रत्येकाला माहीत असेल अशा जागी. आग लागली आणि जिन्यात धूर भरला तर फायर ब्रिगेडला शिडी लावून तुम्हाला तिथूनच काढावं लागेल. मी उघडणारा भाग नसेल तर बेडरूमचं काम घेतच नाही, गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

आणि हो, जुनी बिल्डिंग म्हणजे कधी ना कधी रिपेअरिंग निघणार, बांबूची परांची बांधली जाणार. त्या चार-सहा महिन्यांत तुमचा दुसरा मजला म्हणजे तळमजला समजायचा. परांचीवरची माणसं दिवसभर खिडकीसमोरून जातात-येतात, त्यांचा काही दोष नाही, पण रात्री परांची तिथेच असते. सोसायटीला सांगा की कॉन्ट्रॅक्टरकडून कामगारांची यादी आणि आयडी घ्या, आणि संध्याकाळी खालच्या टप्प्यातली फळी-शिडी काढून ठेवायला लावा.

नवी मुंबईतल्या सिडकोच्या रो हाउसवाल्यांसाठी दोन ओळी, कारण नेरूळ-कोपरखैरणेला पण मी कामं करतो आणि तिकडून बरेच जण हेच विचारतात. तिथे पुढच्या दाराला किल्ल्यासारखं दार आणि गच्चीवरच्या दाराला एक कडी, असं असतं. रांगेतल्या सगळ्या गच्च्या एकमेकांना चिकटलेल्या, एका टोकाच्या बंद घरावरून चढलं की चालत चालत कुठेही. गच्चीचं दार पुढच्या दारासारखंच मजबूत पाहिजे, बस.

आता मिस्टरांचे कॅमेरे. कॅमेरा चोरी थांबवत नाही, चोरी झाल्यावर दाखवतो. टोपी आणि मास्क घातलेला माणूस जिना चढताना दिसतो, आपण दहा वेळा बघतो, नातेवाइकांना पाठवतो. तरी एक कॅमेरा घ्या, चार नको. जिन्याकडे तोंड करून, चेहऱ्याच्या थोडा वर, छताला चिकटवून नाही, छतावरून नुसतं डोकं दिसतं. शेजाऱ्यांच्या दारात थेट रोखू नका, त्यांना विचारून लावा, नाहीतर चोराआधी भांडण घरात येईल. रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली ठेवलेला असतो, चोर तो पण घेऊन जातो, माझ्या माहितीतल्या एका घरात तर फक्त डबा आणि चांदीचं निरांजन गेलं. म्हणून रेकॉर्डिंग मोबाइलवर किंवा क्लाउडवर जाईल असं बघा, आणि पासवर्ड कंपनीचा आहे तो पहिल्या दिवशी बदला. आणखी एक, ज्याकडे कोणी बघत नाही. खाली मीटर रूमला दार तरी आहे का तुमच्याकडे? कोणीही जाऊन तुमच्या फ्लॅटचा मेन स्विच पाडला की वाय-फाय बंद, कॅमेरा बंद, आणि तुम्ही देवगडला म्हणताय की लाइट गेली असेल. राउटरला हजार-दीड हजाराचा छोटा यूपीएस मिळतो तो लावा, कॅमेरा पण त्यावर चालेल असं बघा, आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मीटर रूमच्या दाराचा विषय काढा.

ह्यानंतर पैसे न लागणारं. गावाला जाताना पेपर आणि दूध बंद, हे सगळ्यांना माहीत आहे. पण हॉलमधला लाइट चालू ठेवून जाऊ नका, दिवसाढवळ्या पेटलेला दिवा म्हणजे पुन्हा तीच पाटी. टायमरचा प्लग किंवा मोबाइलवरून चालणारा बल्ब घ्या, संध्याकाळी सातला लागला, साडेदहाला बंद. त्याहून चांगलं म्हणजे शेजारीण. संध्याकाळी दारात त्यांच्या घरच्या दोन चपला ठेवणं, कोणी काही दाराला खोचलेलं काढणं, एखाद दिवशी झाडू मारणं. येताना त्यांच्यासाठी खाजं आणि आंब्याची साठं आणा, कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त. चावी मात्र कोणा एकाकडेच, वॉचमनच्या टेबलावर नाही, आणि चावीच्या रिंगला फ्लॅट नंबर लिहिलेला टॅग लावू नका. तुतारी एक्सप्रेसच्या डब्यातले फोटो स्टेटसला टाकायचे ते परत आल्यावर टाका, मुलाला खास सांगा. पोलिस पण गणपती-दिवाळीच्या आधी सांगतात की घर बंद ठेवून जाणार असाल तर पोलिस स्टेशनला कळवून जा, लोक लाजतात, तुम्ही जाऊन सांगा, बीटवाल्यांना (आपल्या भागात गस्त घालणाऱ्या पोलिसांना) बिल्डिंग माहीत असली की रात्रीचा एक राउंड तुमच्याकडून होतो.

दागिने. कपाटाचा चोरकप्पा चोराला तुमच्यापेक्षा चांगला माहीत असतो. कपाट, गादीखाली, देवघराचा खण, तांदळाचा डबा, ह्याच क्रमाने उचकलेलं असतं सगळं. रोजचं मंगळसूत्र सोडून बाकी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. पण लॉकरमध्ये ठेवलं म्हणजे बँक सगळं भरून देते असंही नाही हो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या, चोरी, आग किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याच्या लबाडीमुळे लॉकरमधलं गेलं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत. म्हणजे भाडं ३ हजार असेल तर ३ लाख. तरी तुमच्या कपाटापेक्षा शंभर पटीने बरं. घरात छोटी तिजोरी घेणार असाल तर ती भिंतीला किंवा फरशीला आतून बोल्ट मारून पक्की करा, वीस-तीस किलोची सुटी तिजोरी म्हणजे चोरासाठी हँडबॅग, सगळं एकाच ठिकाणी भरून दिलेलं.

इन्शुरन्सचं विचारलंत, मी एजंट नाही, पण गिऱ्हाइकांचे अनुभव ऐकून माहीत आहे ते सांगतो. घराच्या पॉलिसीत घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं का ते आधी बघा. भारत गृह रक्षा म्हणून जी स्टँडर्ड पॉलिसी २०२१ पासून सगळ्या कंपन्या देतात ती मुळात आग, पूर, भूकंप वगैरेची आहे, नुसती चोरी त्यात येत नाही, अशा दुर्घटनेनंतरच्या सात दिवसांत त्या दुर्घटनेमुळे झालेली चोरी तेवढी येते. घरफोडीच्या कव्हरमध्ये बहुतेक ठिकाणी अट असते की जबरदस्तीने घुसल्याच्या खुणा पाहिजेत. दार नुसतं ओढून गेलात, चोराने जीभ सरकवली आणि काही ओरखडासुद्धा नाही, तर क्लेमला कटकट होते. आणि घर सलग किती दिवस बंद राहिलं तर कव्हर थांबतं तेही वाचा.

देव न करो, पण परत आलात आणि दार उघडं दिसलं तर आत जाऊ नका. माणूस आत असू शकतो हे एक, आणि ठसे जातात हे दुसरं. लोक आधी कपाट बघतात, मग आवरतात, चहा करतात, मग पोलिस! जिन्यातच थांबा, ११२ लावा. कंप्लेंट लिहिताना १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, राहत्या घरातली चोरी म्हणजे कलम ३०५ आणि घर फोडून घुसणं म्हणजे कलम ३३१. घर फोडलंय तर ३३१ एफआयआरमध्ये आहे ना ते वाचून बघा, नुसती चोरी लिहिली गेली तर तीच इन्शुरन्सवाल्याकडे अडते. ऑनलाइन तक्रार दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, आणि एफआयआरची कॉपी तुम्हाला फुकट मिळायला पाहिजे. दागिन्यांचे फोटो आणि वजनासकट बिलं आत्ताच मोबाइलमध्ये काढून बहिणीला नाहीतर कोणाला पाठवून ठेवा. मुद्देमाल सापडला तर तो तुमचाच हे कोर्टात ओळखून दाखवावं लागतं, आणि ‘सोन्याची चेन, साधी डिझाइन’ ह्या वर्णनाच्या चेनी ठाण्यात लाखभर असतील. सोसायटीचं फुटेज लगेच कॉपी करून घ्या, डीव्हीआर, म्हणजे तोच रेकॉर्डिंगचा डबा, भरला की जुनं आपोआप पुसलं जातं.

तुमच्या ३० हजाराचा हिशेब मग असा बसतो, सेफ्टी डोअर १६ हजार धरा, डेडबोल्ट साडेतीन, बाथरूमचं ग्रिल दीड, एक कॅमेरा आणि राउटरचा यूपीएस मिळून चार, चौकटीची पट्टी-स्क्रू आणि सुतार दीड ते दोन. तीन-साडेतीन हजार उरतात, त्यात खाजं.

फक्त हा सगळा हिशेब चौकट धड आहे असं धरून आहे. ती गेलेली असेल तर सेफ्टी डोअर थांबवा आणि आधी चौकट बदला, कारण सेफ्टी डोअरची फ्रेम पण शेवटी तिलाच लागून बसणार. आणि हे आत्ता ठरवा, गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात ठाण्यात सुतार मिळत नाही, सगळे मखरात गुंतलेले, आणि उरलेले आमच्यासारखे स्वतःच गावाला निघालेले. तर आज संध्याकाळी पेचकस टोचून बघा, खाली आणि लॉकच्या उंचीवर, दोन्ही ठिकाणी, आणि किती आत गेला ते सांगा.